माणूस आत आहे

बिस्किटांच्या कारखान्यातल्या चाळीस फुटी भट्टीच्या बोगद्यात पोटावर सरपटत शिरायला फोरमन कधी घाबरले नाहीत. विद्यापीठाच्या सात नंबरच्या खिडकीसमोर उभं राहायचं म्हटलं की मात्र ते रांगेतून दोनदा बाहेर पडायचे. खिडकी केवढी, तर वीतभर. आत एक बाई, बाईंच्या नाकावर चष्मा, चष्म्यामागे दोन डोळे आणि त्या डोळ्यांत 'आता हा कोण?' असा भाव. एवढ्याशा सामग्रीवर धडधाकट माणसाला घाम फुटावा हे नवलच. पण ते दिवस ज्यांनी पाहिलेत ते फोरमनना हसणार नाहीत. तेव्हा अर्ज तीन प्रतींत भरावा लागे. कार्बन उलटा लागला तर सगळं अक्षर पहिल्याच कागदाच्या पाठीवर उमटे, आणि खिडकीतली बाई तो कागद दोन बोटांत धरून परत देई. तोंडातून शब्द नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

सेहेचाळिसाव्या वर्षी हा उद्योग कशासाठी, तर कारखान्याचे व्यवस्थापक दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते आणि मालकांनी फळ्यावर नोटीस लावली होती: नव्या व्यवस्थापकाकडे व्यवसाय प्रशासनाची पदवी हवी. फोरमनकडे यंत्रांचा डिप्लोमा होता. बावीस वर्षांपूर्वीचा, घडीवर फाटलेला, पण पहिल्या वर्गाचा. पदवी होती ती मालकांच्या भाच्याकडे. त्याला सगळे भाचेसाहेब म्हणत. भाचेसाहेबांना कारखान्यातल्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या, एक यंत्र सुरू करायचं बटण आणि दुसरी आपली खुर्ची.

फोरमनना खुर्चीचा सोस नव्हता. त्यांना धास्ती होती ती एका पत्र्याच्या पाटीची.

ती पाटी म्हणजे वहीएवढा लाल पत्रा होता. त्यावर फोरमनच्याच हातची पांढरी अक्षरं: 'माणूस आत आहे. हात लावू नये.' खाली सही. कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याचा फ्यूज काढायचा, स्वतःच्या खिशात टाकायचा आणि रिकाम्या जागी ही पाटी अडकवायची. ज्याने फ्यूज काढला त्यानेच तो परत बसवायचा. दुसऱ्या कोणी नाही, मालकांनीही नाही. फोरमन उमेदवारी करत असताना त्यांचे उस्ताद साखळीत हात घालून बसले होते आणि पलीकडून कोणीतरी सहज म्हणून बटण दाबलं. उस्तादांची दोन बोटं गेली. फोरमन तेव्हा कंदील धरून शेजारी उभे होते. तो आवाज त्यांच्या कानातून कधी गेला नाही. त्यांनी पुढे हा नियम केला, आणि सतरा वर्षांत कारखान्यात कोणाचं नखही गेलं नाही.

भाचेसाहेब त्या पाटीकडे बघून नाक मुरडत. "हे काय लटकवता हो, फोरमन? पाहुण्यांना काय वाटेल? मी खुर्चीवर आलो की पहिल्यांदा हे भंगारात."

झालं. फोरमन त्याच आठवड्यात सात नंबरला गेले.

खिडकीतल्या बाईंनी डिप्लोमा उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि त्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे कोण?"

"मीच."

बाईंनी फोटोतल्या दाट केसांकडे पाहिलं. मग फोरमनच्या डोक्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता, नुसती खंत होती, आणि तीच जास्त लागली.

"पुरावा?"

आपण आपणच आहोत याचा पुरावा काय द्यायचा, हा प्रश्न भल्याभल्यांना सुटलेला नाही, तो फोरमनना तिथल्या तिथे सोडवायचा होता. त्यांनी शर्टाची बाही वर करून पोळल्याचा जुना डाग दाखवला. डाग फोटोत दिसत नव्हता. बाई म्हणाल्या, "नोटरीकडून लिहून आणा. शिवाय डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात घेतात, पण तुमच्या प्राचार्यांनी विषय समकक्ष असल्याचं लिहून दिलं पाहिजे."

फोरमनचं तंत्रनिकेतन बंद होऊन तिथे बुटांचं गोदाम झालं होतं. प्राचार्य वारले होते. हयात होते ते एकटे चित्रकलेचे, म्हणजे यंत्रांची चित्रं शिकवणारे मास्तर, आणि त्यांना ऐकू येत नसे. मास्तरांनी फोरमनना ओळखलं, पाठीवर थाप मारली, चहा पाजला आणि पत्रात भल्या मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, 'याची रेघ सरळ आहे.' बाकी काही लिहायला ते तयार होईनात. फोरमननी तेच पत्र खिडकीत सरकवलं. बाईंनी ते वाचलं, शिक्का शोधला, सापडला नाही, तरी शेवटी 'गोल शिक्का आहे' म्हणून पत्र ठेवून घेतलं. तो गोल मास्तरांच्या चहाच्या कपाचा होता. पुढची दोन वर्षं फोरमन पोस्टमन दिसला की दचकत. कपाचा शिक्का उघडकीला आला असंच त्यांना दर वेळी वाटे.

घरात हे एकट्या फोरमनीणबाईंना माहीत होतं. त्यांच्याकडून फोरमननी वचनच घेतलं. "कोणालाही बोलायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही. नापास झालो तर कारखाना हसेल. तो भाचा तर खुर्चीवर बसून हसेल."

"अहो, पण सांगितलं म्हणून काय बिघडतं? चोरी करताय का?"

"चोरी परवडली. त्यात वयाची अट नसते."

तर अभ्यास चोरून सुरू झाला. पहाटे उठून मागच्या खोलीत. शेजाऱ्यांनी आत येऊ नये म्हणून फोरमननी कारखान्यासारखीच एक पाटी रंगवून दारावर अडकवली. एवढ्याने शेजारी बाहेर राहतात असं मानणारा माणूस शेजाऱ्यांत कधी राहिलेला नसतो. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांनी तीनच दिवसांत पाटी वाचली, दाराला कान लावला, आणि आतून 'अधिकार आणि जबाबदारी, अधिकार आणि जबाबदारी' असं पुटपुटणं ऐकून फोरमनीणबाईंना जिन्यात गाठलं.

"वहिनी, कधीपासून असं होतंय?"

"काय?"

"स्वतःशी बोलणं. माझ्या साडूचं असंच सुरू झालं होतं. कोंडून घेऊ नका. हवापालट करा."

आता वचन म्हणजे वचन. फोरमनीणबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बघते." दुसऱ्या दिवसापासून सगळी इमारत फोरमनशी हळू आवाजात बोलायला लागली. खालच्या शिवणवाल्या बाईंनी त्यांच्या कोटाला बटण लावून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. फोरमनना वाटलं, हिने सांगितलंच शेवटी. आठ दिवस त्यांनी बायकोशी अबोला धरला. नवव्या दिवशी ग्रंथपालांनी कोणा डॉक्टरचा पत्ता आणून दिला तेव्हा त्यांना उलगडा झाला. तेव्हा ते म्हणाले, "वेडा समजतात ना? मग ठीक आहे."

पाठांतर फोरमनना जमेना. वाचलेलं सगळं कुठल्याशा चाळणीतून गळून जाई. मग फोरमनीणबाई भाजी चिरता चिरता पुस्तक समोर धरून प्रश्न विचारत.

"व्यवस्थापनाची कार्यं किती?"

"पाच."

"सांगा."

"योजना, संघटन... तेल घालणं..."

"तेल घालणं नाही हो. कर्मचारी नेमणं. मग निर्देशन, आणि शेवटी नियंत्रण."

"तुला कसं पाठ झालं?"

"दोन वर्षं तेच तेच ऐकतेय. भिंतीलाही पाठ झालं असेल."

परीक्षा रविवारी असायच्या, म्हणून बिंग फुटलं नाही. एकेक पेपर फोरमन वधस्तंभाकडे जावं तसे जात आणि काठावर का होईना, सुटून येत. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर तेवढा उरला, आणि परीक्षेच्या शाळेचं छप्पर गळायला लागलं. पेपर पुढे गेला तो थेट बुधवारी. सकाळी नऊ ते बारा.

बुधवारी भट्टीचा पट्टा नऊला सुरू व्हायचा. रजा मागावी तर ती मंजूर करणार भाचेसाहेब, आणि ते कारण विचारणार. फोरमननी बेत केला: सातला येऊन हजेरीपटावर सही करायची, पट्ट्याच्या साखळीला वंगण घालून ठेवायचं, साडेआठला मागच्या दाराने निसटायचं आणि कोणी विचारायच्या आत परत यायचं. बेत ऐकून फोरमनीणबाई म्हणाल्या, "यात नियंत्रण कुठे आहे?" फोरमनना ते लागलं.

बुधवारी सातला त्यांनी सही केली. पट्ट्याचा फ्यूज काढला. चांगला मूठभर चिनीमातीचा ठोकळा, दोन्ही टोकांना तांब्याची पाती. पात्यांनी नवा कोट फाटू नये म्हणून हाताला लागला तो कागद त्याला गुंडाळला आणि फ्यूज आतल्या खिशात टाकला. पाटी अडकवली. वंगण घातलं. हात धुता धुता घड्याळ पाहिलं तर आठ छत्तीस. फोरमन जे पळत सुटले ते शाळेच्या दारातच थांबले.

पेपर हातात आला. पहिला प्रश्न येत होता. दुसराही. तिसरा होता: 'नियंत्रण म्हणजे काय? आपल्या अनुभवातील उदाहरण द्या.' फोरमननी घाम पुसायला आतल्या खिशातून रुमाल काढायला हात घातला, आणि हाताला रुमाल लागला नाही.

भीतीचे प्रकार पुष्कळ आहेत. खिडकीची भीती घशाशी असते, निकालाची पोटात. ही नवीच होती. ती बोटांच्या टोकांपासून सुरू झाली आणि वर वर चढत गेली. फ्यूज इथे. पाटी तिथे. हजेरीपटावर सही आहे आणि माणूस कुठेच नाही. आता सगळा कारखाना त्यांना यंत्राच्या पोटात शोधत असणार.

फ्यूज काढून उठावं, तर त्याला गुंडाळलेल्या कागदाचा कोपरा दिसला. त्यावर त्यांचंच अक्षर. टिपणांचा कागद! परीक्षेच्या वर्गात खिशात टिपणं सापडली की पाच वर्षं परीक्षेला बंदी. आणि सात नंबरच्या बाई मग कपाचा शिक्काही उकरून काढणार. फोरमन परत बसले. कोट मिटून घेतला. पर्यवेक्षिका बाई जवळून गेल्या की श्वास रोखून धरत. काय लिहावं सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच लिहायला लागले: 'उदाहरणार्थ, या क्षणी एका कारखान्याचा फ्यूज एका परीक्षार्थीच्या खिशात आहे...'

इकडे साडेनऊला कारखान्याचा पहारेकरी फोरमनच्या दारात उभा होता. धापा टाकत.

"वहिनी, साहेब घरी आलेत?"

"नाही."

"मग भट्टीतच असणार. पाटी लागलीय. हाका मारल्या, ओ देत नाहीत. सगळे शोधतायत. भाचेसाहेब म्हणतात, दहा वाजेपर्यंत वाट बघतो, नाही सापडले तर दुसरा फ्यूज घालून पट्टा सुरू करतो."

फोरमनीणबाईंच्या गळ्याशी शब्द आले होते. 'काय वाटेल ते झालं तरी नाही,' नवऱ्याने सांगितलं होतं. त्यांनी दाराला कडी घातली आणि शाळेकडे धावल्या. जिन्यात ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, गेले का कुठे निघून?" त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि ते वाईटच झालं, कारण दुपारपर्यंत इमारतीने फोरमनना रेल्वे रुळांवर शोधलं.

शाळेच्या फाटकावर शिपाई आत सोडेना. "परीक्षा चालू आहे, बाई."

"माझा नवरा आत आहे."

"आत सगळे कोणाचे ना कोणाचे नवरेच आहेत. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा वर्ग आहे हा."

शेवटी चिठ्ठी आत गेली. पर्यवेक्षिका बाईंनी ती वाचली, त्यांना काही बोध झाला नाही, म्हणून मोठ्याने वाचली. "एकशे सात नंबर कोण? घरून निरोप आहे. 'तुम्हाला भट्टीत शोधतायत. दहा वाजता भाचा दुसरा फ्यूज घालणार.'"

वर्ग हसला. फोरमन हसले नाहीत. घड्याळात दहाला बारा मिनिटं होती. 'शोधतायत' हा शब्द त्यांनी ऐकला, आणि भट्टीत माणूस कसा शोधतात हे त्या वर्गात त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. शोधणाऱ्याला आत शिरावं लागतं. पोटावर. पट्ट्यावरून.

उस्तादांच्या वेळचा तो आवाज कानात वाजला. फोरमन उठले. बाईंच्या टेबलावर उत्तरपत्रिका ठेवली, फ्यूज ठेवला, कागदासकट.

"हे काय?" बाईंनी कागद उलगडला. "ही तर कॉपी आहे!"

"असेल. काय लिहायचं ते लिहा. ठोकळा तेवढा द्या."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग फोरमनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "अहो, हे विपणनाचं आहे. तो पेपर तर मागच्या महिन्यात झाला."

"झाला का?" फोरमन म्हणाले, आणि ठोकळा उचलून पळाले. मागून बाईंचा आवाज आला, "अडीचच प्रश्न झालेत तुमचे!" तो त्यांनी ऐकला की नाही, कोण जाणे.

फाटकात फोरमनीणबाई उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पदर खोचला आणि त्याही मागून धावल्या.

कारखान्यात भट्टीपुढे सगळे गोळा झाले होते. फ्यूजच्या पेटीपाशी तिघे जुने कामगार पाठ लावून उभे होते आणि भाचेसाहेब हातात नवा फ्यूज घेऊन ओरडत होते, "बाजूला व्हा! एक तास झाला! वेडे आहात का?" मालकही शेजारी उभे होते, घड्याळाकडे बघत.

"साहेब, पाटी आहे," एक जण म्हणाला.

"पाटी गेली खड्ड्यात!"

"थांबा!" फोरमन दारातून ओरडले. सगळ्यांनी वळून पाहिलं. कोट, टाय, बोटांना शाई, आणि तोंडाला फेस. भुताने परीक्षा द्यावी तसा अवतार. भाचेसाहेबांच्या हातातून फ्यूज पडला.

"हे बघा! बाहेरून आले! आत कोणी नव्हतंच! तासभर आपण एका रिकाम्या भट्टीची पूजा करत होतो!"

फोरमन सवयीने माणसं मोजत होते. एकवीस. बावीस. भाचेसाहेब आणि मालक धरून चोवीस. पंचवीस हवे होते.

"भट्टीवाले काका कुठे आहेत?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात बोगद्याच्या पोटातून, खोलवरून, खोकल्याचा आवाज आला आणि मग म्हातारा, शांत, धीर देणारा सूर: "फोरमन, घाबरू नका हां! वीस फूट आलोय. अजून वीस राहिलेत. शोधून काढतोच तुम्हाला!"

मालक फ्यूजच्या पेटीजवळच्या लोखंडी पेटाऱ्यावर मटकन बसले. भाचेसाहेबांनी जमिनीवर पडलेल्या नव्या फ्यूजकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तो हात मागे नेला.

काका उलटे सरपटत बाहेर यायला दहा मिनिटं लागली. आधी चपला, मग पाय, मग पिठाने पांढरं झालेलं डोकं. फोरमनना समोर उभं पाहून ते चिडले. "तुम्ही बाहेर कसे? मी काय उगाच गुडघे सोलून घेतले?"

फोरमननी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोटं मोजली. दहा. मगच त्यांनी आपला फ्यूज बसवला आणि पाटी काढली.

मालकांनी खोलीत बोलावलं. "कुठे होतात?"

फोरमनना वाटलं, संपलं. दोन वर्षांची चोरी एका वाक्यात बाहेर आली. "परीक्षेला. व्यवसाय प्रशासनाच्या. डिप्लोमावरून." आणि मग घाईघाईने, "पण आता नापासच आहे. अडीच प्रश्न."

मालकांनी खिडकीतून भट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती पाटी रंगाऱ्याकडून चांगली करून घ्या. पुसट झालीय." खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. नोटीस फळ्यावर तशीच राहिली.

निकालाला सात आठवडे लागले. ते फोरमननी कसे काढले ते त्यांच्या कमरेच्या पट्ट्याच्या नव्या भोकाला विचारावं. शेवटी ते सात नंबरला गेले, सोबत बायकोला घेऊन. बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. चाळीसला पास. फोरमन एकेचाळीस. पहिल्या दोन प्रश्नांना तेवीस, आणि तिसऱ्या, अर्धवट सुटलेल्या प्रश्नाला वीसपैकी अठरा.

"काय लिहिलं होतंत हो एवढं?" बाईंनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कामकाजाला न लागणारा प्रश्न विचारला होता.

"घाबरलो होतो तेवढंच," फोरमन म्हणाले.

खुर्ची मिळाली. भाचेसाहेब विक्री खात्यात गेले. तिथे बटणं नसतात. खुर्ची मिळाल्यावर फोरमन निवांत होतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते त्या खुर्चीच्या कडेवर बसत, कोणीतरी येऊन 'पुरावा?' म्हणेल अशा धास्तीने.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी ते घरी आले तर मागच्या खोलीच्या दारावर पाटी. तीच, लाल, 'माणूस आत आहे. हात लावू नये.' खालची सही खरवडून काढली होती आणि तिथे दुसरी सही होती, फोरमनीणबाईंची. दाराच्या फटीतून पुटपुटणं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात चूल थंड होती आणि ओट्यावर सात नंबरच्या खिडकीची पावती वाटीखाली दाबून ठेवलेली होती.

फोरमन दाराशी उभे राहिले. 

"अगं," ते बाहेरूनच म्हणाले, "निदान 'बाई आत आहे' असं तरी लिहायचंस."

"बाई आत असली तर कोण थांबतं हो?" आतून उत्तर आलं. "अजून अर्धा तास. तांदूळ डाव्या डब्यात आहेत."

फोरमननी डाव्या डब्याकडे पाहिलं. मग दोन्ही खिसे चाचपले, रिकामे आहेत ना याची खात्री केली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी शिकवलेलं नसताना, भात करायला उभे राहिले.